कचारगडला 'ट्रेक' म्हणण्याआधी

महाराष्ट्रात ट्रेक म्हटलं की सह्याद्री. कातळकडे, बुरूज, टाकं, वर भगवा, आणि खाली गावात कुणाकडे तरी सांगून ठेवलेलं पिठलं-भाकरी. आमच्या गोंदियाच्या डोंगरांना या हिशेबात कुठेच जागा नाही. उंची विचारली की मी गप्प बसते. पुण्याच्या मंडळींना आकडा सांगितला तर ते त्याला टेकडी म्हणतील आणि विषय बदलतील. अगदी कालपरवापर्यंत नातेवाइकांत गोंदियाबद्दल दोनच प्रश्न यायचे. "नागझिऱ्याला वाघ दिसतो का?" आणि "तिकडे ते नक्षलवादी असतात ना?"

दुसरा प्रश्न आता जुना होत चाललाय. सालेकसा तालुक्यातलं दरेकसा हे नाव कित्येक वर्षं वर्तमानपत्रात एकटं कधी यायचंच नाही, त्याला 'दलम' हा शब्द चिकटलेला असायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाच्या प्रवक्त्यासह ११ माओवाद्यांनी गोंदियात शस्त्रं खाली ठेवली आणि त्यानंतर माझ्या पेटीत एकदम वेगळ्या पत्रांचा पाऊस सुरू झाला. आता यायला हरकत नाही ना? कचारगडची गुहा म्हणे फार मोठी आहे? हाजरा फॉल आणि गुहा एका दिवसात होतं का? रॅपलिंगला जागा आहे का?

तर हे लिखाण त्या सगळ्यांसाठी. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या मंडळींना पुढे वाचायची गरज नाही. या डोंगरांत जरूर या, पायीच या, पण कचारगडला 'ट्रेक' म्हणू नका आणि तिथे दोर लावायचा विचार डोक्यातून काढून टाका. भीती गेल्यावर हा डोंगर कुणाचा व्हायचा हे येत्या दोन-चार वर्षांत ठरणार आहे, आणि ते पुण्या-नागपूरच्या शनिवार-रविवारवाल्यांनी ठरवू नये असं मला वाटतं.

कचारगड कुठे आहे? हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर गोंदियाहून डोंगरगडकडे निघालं की गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा आणि मग दरेकसा. तोवर दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या असतात. दरेकशापाशी डोंगर एकदम जवळ येतात, पुढे गाडी बोगद्यात शिरते, आणि छत्तीसगड सुरू होतं. पॅसेंजर गाडीतून इथे उतरलं की धनेगावच्या बाजूने जंगलात वाट जाते. साग, ऐन, बीजा, मोह, तेंदू. शेवटी चढ. वर ती गुहा, आत शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, छताच्या भगदाडातून उजेड पडलेला. 'आशियातली सर्वांत मोठी गुहा' असं तुम्हाला चार ठिकाणी वाचायला मिळेल. मोजली कुणी, ते मला माहीत नाही आणि त्याने फरकही पडत नाही.

फरक पडतो तो गोष्टीने. गोंड समाजाची उत्पत्तिकथा या गुहेशी बांधलेली आहे. काली कंकालीची मुलं गुहेत कोंडली गेली, दारावर प्रचंड शिळा. पहांदी पारी कुपार लिंगोने जंगो रायताडच्या साथीने त्यांना सोडवायचं ठरवलं. हिरासुका पाटालीर हा वाजवणारा होता. त्याच्या वाद्याने आतल्या मुलांत बळ आलं, शिळा हलली, मुलं बाहेर आली, आणि हिरासुका स्वतः शिळेखाली गेला. पुढे लिंगोने त्या मुलांना सगा आणि गोत्रं दिली, जगायची रीत दिली, तिला कोया पुनेम म्हणतात. सांगणाऱ्यागणिक कथा थोडी बदलते, तशी ती बदलणारच.

ही कथा कुणी आत्ता रचलेली नाही. ज्यांच्या नावाने नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी, त्यांनी परधान गायकांकडून लिंगोचं लांबलचक गीत लिहून घेतलं होतं. १८६३ मध्ये हिस्लॉप बुडून वारले, आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. त्या गीतात एका जागेचं नाव येतं, कचिकोपा लोहागड. लोखंडाचा डोंगर. हा लोहागड म्हणजेच कचारगड, ही ओळख गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या मोजक्या सोबत्यांनी लोकांपुढे ठेवली. कंगाली नागपूरचे, नोकरी रिझर्व्ह बँकेत, जीव गोंडी भाषेत. सिंधू लिपी गोंडीत वाचता येते हा त्यांचा दावा भाषापंडित काही मानत नाहीत, मलाही तो पटत नाही. पण हे मूठभर लोक दर माघ पौर्णिमेला जंगलातून चालत गुहेपाशी जाऊ लागले आणि त्यातून जी जत्रा उभी राहिली ती बघितल्यावर माणूस लिपीचा वाद विसरतो. आज तिथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा कितीतरी ठिकाणांहून लाखांनी लोक येतात. कंगाली २०१५ मध्ये गेले. जत्रा थांबली नाही.

मी ती पाहिली आहे. पिवळे फेटे, पिवळी निशाणं, "जय सेवा" चा घोष, लहान मुलं खांद्यावर, म्हाताऱ्या बायका अनवाणी. आदिलाबादकडची माणसं गोंडीत तेलुगू मिसळून बोलतात, बालाघाटकडची हिंदी मिसळून, आमची मराठी मिसळून. तीन राज्यांनी या लोकांना तीन भाषांत वाटून टाकलंय, आणि वर्षातून एकदा ते या चढावर पुन्हा एकमेकांची गोंडी ऐकतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते, आणि तरी ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. शेजारच्या गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढली, तर २०२२ मध्ये 'बेकायदा' म्हणून नोटीस आली. अशा भाषेच्या लोकांसाठी हा चढ काय असेल, याचा जरा विचार करा. पंढरीच्या वारीला 'लाँग डिस्टन्स हायकिंग' म्हटलेलं तुम्हाला चालेल का? मग इथे का चालावं?

आता उलट बाजू. ती माझ्या मामेभावाने अगदी तोंडावर सांगितली. तो आमगावला असतो. "ताई, तुमी बाहेर राहून बोलता. इथं धान होते एकदा, मंग पोरं का करतीन? हैदराबादले जातात, रायपूरले जातात. दोन पैसे टुरिस्टचे आले तं तुमचं का बिघडते?"

बिघडत काहीच नाही. त्याचं खरंच आहे. सिंचन नाही तिथे एकच पीक, मार्च-एप्रिलात मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता, बाकी मजुरी. पर्यटनाचा पैसा गावात आला तर मला आनंदच आहे. माझं भांडण पैसा येण्याशी नाही, तो कुणाच्या हातून येतो याच्याशी आहे. नागपूरहून एखादी 'ॲडव्हेंचर' कंपनी बस भरून माणसं आणणार, डबे तिकडूनच आणणार, गाईड तिकडचाच, गावातल्या पोराला पाण्याच्या बाटल्या वाहायला शंभर-दोनशे रुपये. हे सह्याद्रीत कितीतरी ठिकाणी झालेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि रविवारी एखाद्या प्रसिद्ध गडावर रांग लागलेलीही पाहिलीय. त्या रांगेत उभं राहून 'गर्दी फार झाली हो' म्हणणारे आपणच.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. देवरी-सालेकशात गोंडांची इतकी गावं असूनही गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा इथे लागू नाही. शेजारच्या गडचिरोलीत तो आहे. इथल्या ग्रामसभेच्या हातात खरं बळ देणारा कायदा एकच, २००६ चा वनहक्क कायदा. त्याच कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. पुढे विदर्भातल्या अनेक ग्रामसभा, त्यांत गोंदियातल्याही, स्वतःच्या तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. जी ग्रामसभा तेंदूच्या ठेकेदाराशी भाव ठरवू शकते, तिला डोंगरावर माणशी किती घ्यायचे, कुठवर जाऊ द्यायचं, कोणते दिवस बंद ठेवायचे हे ठरवता येणार नाही का? येईल. आपण फक्त विचारायला हवं, आणि 'नाही' म्हटलं तर परत फिरायला हवं. हे दुसरं आपल्या ट्रेकर मंडळींना फार जड जातं :-)

मामेभावाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, ग्रामसभेत दोन तट असतात, एका तटाचा माणूस ठेकेदाराचाच असतो. तेही खरं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण दोन तट असलेली ग्रामसभा निदान गावातच भांडते.

बरं, मग गोंदियात चालायचं तरी कुठे, असा प्रश्न उरतोच. माझं म्हणणं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जा. दक्षिणेला, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात. (जिल्हा तसा लहान वाटतो, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण दरेकशाहून इथे यायचं तर अख्खा जिल्हा ओलांडावा लागतो. गोंदियाला येऊन चंद्रपूरकडे जाणारी गाडी पकडायची.) इथे चालणं म्हणजे चढणं नव्हे. इथे एका गावातून दुसऱ्या गावात जायचं, आणि प्रत्येक गावात भाषा बदलते.

नवेगावबांधपासून सुरुवात करा. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी याने हा बांध घातला असं सांगतात. भोवती सात टेकड्या, त्यांना सात बहिणी म्हणतात. पाणी कसं अडवायचं हे कोहळी समाजाला कळत होतं, या भागातले कितीतरी तलाव त्यांच्या हातचे. याच काठावर मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत राहिले. त्यांचं 'नवेगावबांधचे दिवस' घरोघरी वाचलं गेलं. २०२५ च्या जूनमध्ये सोलापूरला ते गेले, त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. लोक त्यांना अरण्यऋषी म्हणतात, पण मला त्यांच्यातला विद्यार्थी जास्त आवडतो. ढीवरांकडून, गोंडांकडून, गावच्या पाटलांकडून ऐकत, विचारत, वहीत टिपत त्यांनी जंगल शिकून घेतलं. आपल्याला जंगलाचं त्यांचं ज्ञान हवं असतं, ते ज्यांच्याकडून मिळालं त्यांच्या ओसरीवर मात्र आपण बसत नाही.

राष्ट्रीय उद्यानात पायी जाता येत नाही, हे आधीच सांगते. नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३ च्या डिसेंबरपासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. आत जायचं ते जिप्सीतून. नियम मला मान्य आहे, वाघाला निवांतपणा हवाच. मात्र आतल्या वाटा कधीकाळी गावांच्या होत्या. कालीमाटी, कवलेवाडा आणि झनकारगोंदी ही गावं व्याघ्र प्रकल्प होण्याच्या आगेमागे तिथून उठवून सौंदडजवळ वसवली गेली, आणि कबूल केलेलं मिळालं नाही म्हणून पुढे ती माणसं जुन्या गावाकडे परत चालत गेल्याच्या बातम्याही आल्या. सामान डोक्यावर, पोरं हाताशी. गोंदियातल्या पायी प्रवासाच्या यादीत मी ही चालही धरते.

उद्यानाच्या बाहेर मात्र वाटा मोकळ्या आहेत. गावातली बोली झाडीबोली. इथे 'ण' नाही, 'ळ' नाही. पाणी ते पानी, डोळा तो डोरा. कुणीही भेटलं की पहिला प्रश्न "कोठी जाता जी?" शहरात असं विचारलं तर आपण चौकशी समजतो. इथे त्याचं उत्तर द्यायचं असतं, सविस्तर, आणि मग समोरचा तुम्हाला जवळची वाट सांगतो. दिवाळीनंतर आलात तर गावोगावी मंडई असते, रात्री नाटक. भाऊबीजेपासून सुरू झालेला हा सिलसिला कुठे ना कुठे चालूच राहतो, आणि आजच्या गावची मंडई उद्या बघायला मिळत नाही, उद्या शेजारच्या गावात जावं लागतं. पायी फिरायला याहून चांगलं निमित्त मला माहीत नाही. नाटकाला तंबू ठोकून बसणाऱ्या पुणेकरालाही कुणी ना कुणी रजई आणून देतं, अनुभवाने सांगते.

पुढे प्रतापगड. नाही, तो नाही. आमच्याही जिल्ह्यात प्रतापगड आहे, आणि त्याच्या डोंगरावर महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही. महाशिवरात्रीला जत्रा भरते तेव्हा माणसं दोन्हीकडे जातात. यावर सर्वधर्मसमभावाचं भाषण करायचा मोह मी आवरते. चढताना सोबत असलेल्या एका आजींना मी विचारलं, आधी कुठे जायचं? त्या म्हणाल्या, जिथं गर्दी कमी तिथं.

प्रतापगडच्या खालच्या भागात, गोठणगावपाशी, तिबेटी वसाहत आहे. नोर्ग्येलिंग. १९७२ साली वसली. हिमालयात राहणारी माणसं मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात कशी टिकली असतील, हे मला लहानपणापासूनचं कोडं आहे. जंगल साफ करून त्यांनी शेती केली, धान लावलं. गोंपा बांधला, रंगीत पताका लावल्या. तिथली तिसरी पिढी तिबेटी बोलते, हिंदी बोलते, आणि बाजारात आमच्यासारखीच झाडी मराठी बोलते. त्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर ही बंगाल्यांची गावं. पूर्व पाकिस्तानातून आलेले निर्वासित, त्यांची नातवंडं आता इथली. दुर्गापूजा, मासळी, तुळशीपुढे संध्याकाळी शंख. आणि मधेमधे गोंडांची गावं, जिथे पाण्याला येर म्हणतात आणि गावाला नार.

म्हणजे बघा, दोन-तीन दिवसांच्या चालीत तुम्ही हे सगळं ओलांडता, आणि उंचीचा आकडा विचाराल तर काहीच नाही. यातली कितीतरी माणसं कुठून तरी हुसकली गेलेली आहेत. तिबेटी ल्हासाकडून, बंगाली खुलना-बारिसालकडून, कालीमाटीवाले चार कोसांवरून. गोंड तेवढे इथले, आणि कागदपत्रं त्यांनाच सर्वांत जास्त वेळा मागितली जातात.

याचा 'कल्चरल ट्रेल' बनवावा अशी सूचना एका वाचकाने मागे केली होती. प्रत्येक गावात अर्धा तास, एक नाच, एक पदार्थ, एक फोटो. मला ती कल्पना ऐकूनच दमल्यासारखं झालं. तिबेटी माणूस पाहुण्यासाठी तिबेटी असत नाही, त्याला त्या दिवशी धानाची मळणी करायची असते. गोंड पोरींना तुमच्या गाडीच्या हॉर्नवर रेला नाचायला लावणं हे तर सरळसरळ अपमानाचं आहे, आणि ते होतं, मी पाहिलंय. तुम्ही गेलात आणि कुणी कामात असेल तर कामाला हात लावा किंवा पुढे चालू लागा.

कचारगडबद्दल मात्र माझा आग्रह जास्त कडक आहे. गुहेत दोर, झिपलाइन, रंगीत दिवे, काही नको. वर जाताना धनेगावचा माणूस सोबत हवा, त्याचे पैसे ग्रामसभा ठरवील ते. माहितीचा फलक लावायचाच तर आधी गोंडीत, मग मराठीत. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली, आता ती संगणकावरही उमटते, तेव्हा 'अक्षरं कुठून आणायची' ही सबब चालायची नाही. आणि जत्रेच्या दिवसांत यायचं तर जत्रेकरू म्हणून या, चप्पल काढा, कॅमेरा पिशवीत. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी हाजरा फॉलला जावं, पावसाळ्यात फार छान असतो, तिथे किती ओरडलात तरी कुणी काही म्हणणार नाही.

अजून एक. ज्यांनी डिसेंबरात येतो म्हणून कळवलंय (शिल्पाताई, हे तुझ्यासाठी), त्यांनी गोठणगाव शेवटी ठेवा किंवा थेट फेब्रुवारीत या. थंडीत तिथली निम्मी घरं बंद असतात. माणसं स्वेटर विकायला शहरांत गेलेली असतात, तुमच्याच शहरात, फुटपाथवर. लोसारला परततात.